कात्री पुसली का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं होतं ते एक-दोन ठिकाणी भरलं आहे. बाकी जसं बोलले तसंच.)



जेवणानंतरचं सत्र मला दिलंय, तेही श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतरचं. म्हणजे संयोजकांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळलं. शाळेत असताना या वेळेला इतिहासाचा तास असायचा आणि शेवटच्या दोन बाकांवर सामुदायिक निद्रा असायची. आज कुणी झोपलं तर मी खडू फेकणार नाही.

मला सांगितलं गेलं, ‘तू झाडांची डॉक्टर, तर झाडांवर बोल.’ आधीच सांगते, झाडांच्या डॉक्टरकडे औषधं फार कमी असतात. त्यातही मी आज ज्या रोगांबद्दल बोलणार आहे, त्या जिवाणूंच्या रोगांवर तर जवळजवळ नाहीतच. तरीही विषय हाच घेतला, त्याला दोन कारणं आहेत. एक कारण या शाळेच्या मागच्या कुंपणाशी उभं आहे. दुसरं कारण म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. आधी चूक सांगते.

आपल्यापैकी बरेच जण सिडकोच्या रो-हाउसमध्ये वाढलो. पुढे चिमूटभर अंगण, मागे मोरी आणि त्या मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एखादं लिंबू, शेवगा नाहीतर पेरू. आमच्याकडे कागदी लिंबू होतं. आमच्या शेजारच्या घरात आपल्याच वर्गातला एक मित्र राहायचा, तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्या आईचंही एक लिंबू होतं, आमच्यापेक्षा दुप्पट फळणारं. काकू दरवर्षी लोणचं घालायच्या आणि पहिली बरणी आमच्याकडे यायची.

मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकले, वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास केला, नोकरीत फळझाडांच्या रोपवाटिका तपासत फिरले. एकदा जुलैमध्ये सुट्टीवर घरी आले होते. बाबा म्हणाले, ‘लिंबाची फांदी कपड्यांच्या दोरीत अडकते, जरा छाट.’ पाऊस नुकताच उघडला होता, पानं ओली होती. मी सिकेटर घेतली आणि फांद्या कापल्या. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. ‘अगं, एवढं हातात आहेच तर आमचंही छाट ना.’ मी त्यांचंही छाटलं. मग पलीकडच्या घरातलंही. तीन झाडं, एक कात्री, ओली पानं. चहा पिऊन, शाबासकी घेऊन घरात गेले.

दोन महिन्यांनी आले तेव्हा तिन्ही झाडांच्या पानांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी खपल्या होत्या, भोवती पिवळी कडा. हा खैऱ्या रोग, इंग्रजीत ज्याला कँकर म्हणतात. आमच्या झाडावर तो आधीपासून थोडासा असणार, वरच्या फांदीवर कुठेतरी. मी नीट बघितलंच नव्हतं. जो रोग हातांनी, हत्यारांनी, ओल्या पानांतून पसरतो म्हणून मी शेतकऱ्यांना सांगत फिरत होते, तोच मी स्वतःच्या हाताने शेजारी नेऊन पोचवला होता.

काकूंना वाटलं, कुणाची तरी नजर लागली. मी गप्प बसले. पुढच्या वर्षी आले तर झाडच नव्हतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे सगळीकडे पसरतं, मुळासकट काढा. काढायची काहीच गरज नव्हती. खैऱ्याने लिंबू सहसा मरत नाही. फळं कुरूप होतात, थोडी गळतात, पण रस तोच असतो आणि लोणच्याला तर काहीच फरक पडत नाही. हे एक वाक्य मी त्यांना वेळेवर सांगितलं असतं तर झाड राहिलं असतं. पण ते सांगायचं तर ‘रोग माझ्या कात्रीने आला’ हेही सांगावं लागलं असतं.

काकू आता नाहीत. आज हे सांगण्याआधी मी गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाला फोन करून परवानगी घेतली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आईला सांगितलं असतंस तरी तिने तुझी बरणी बंद केली नसती.’

असो. आता थोडा तास घेते.

जिवाणू म्हणजे काय हे आपल्याला नववीत बाईंनी शिकवलं होतं. झाडांना रोग करणाऱ्या जिवाणूंमधला एक मोठा गट आहे झँथोमोनस. ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवला की पिवळ्या, चकचकीत, मधासारख्या चिकट ठिपक्यांनी वाढतो. एकेक जिवाणू एवढा लहान की एका मिलिमीटरच्या रेघेवर पाचशे ते हजार जण लांबीने ओळीत झोपतील. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. पानाची साल फोडून आत शिरायची ताकद नाही. बुरशीकडे ती युक्ती असते, जिवाणूकडे नसते. त्याला उघडं दार लागतं. पानाला श्वासासाठी असलेली बारीक रंध्रं हे एक दार. दुसरं दार म्हणजे जखम. लिंबाच्या पानात नागमोडी रेघा काढणारी अळी असते, ती जखम करते. काटा दुसऱ्या पानाला घासतो, ती जखम. आणि कात्री म्हणजे तर सताड उघडा दरवाजा.

आणि त्याला वाहन लागतं. ते वाहन म्हणजे पाणी. रोगट पानावर थेंब आपटला की त्यातून जिवाणूंनी भरलेले बारीक तुषार उडतात. नुसता सरळ पाऊस असेल तर ते जवळपासच पडतात. पण पावसाबरोबर वारा असला, ताशी साधारण तीस किलोमीटरच्या वर, की ते पाणी पानाच्या रंध्रांतून अक्षरशः आत ढकललं जातं. आता सांगा, जून ते सप्टेंबर ठाणे खाडीवरून येणारा वारा आणि आडवा पाऊस कुणी अनुभवला नाही? वाशीच्या पुलावर छत्री उलटी झाली नाही असा आपल्यात एक तरी आहे का? या रोगाला जे हवामान हवं, ते आपल्याकडे चार महिने फुकट मिळतं.

म्हणून या रोगांचं पहिलं सूत्र: ओल्या झाडाला हात लावायचा नाही. छाटणी नाही, फुलं तोडणं नाही, आधाराला बांधणं नाही. सोसायटीचा माळी पावसाळ्यात मेंदीचं कुंपण कापून त्याच कात्रीने लिंबू, डाळिंब, जास्वंद असं करत पुढे जातो, ते आधी थांबवा.

तुम्ही म्हणाल, ही सगळी परदेशातली माहिती. मुळीच नाही. झाडांनाही जिवाणूंमुळे रोग होतो हे अमेरिकेत थॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमाराला नासपतीच्या झाडावर दाखवलं, तोवर लोकांना ते पटत नव्हतं. पण आपल्या दारातल्या झाडांवरचे हे रोग ओळखण्याचं फार मोठं काम पुण्यात झालं. मुंबई प्रांताचे वनस्पती रोगशास्त्रज्ञ एम. के. पटेल आणि त्यांचे मोनिझ, कुलकर्णी, धांडे, भट्ट असे सहकारी. त्यांनी १९४८ मध्ये आंब्यावरच्या जिवाणूला नाव दिलं. १९५१ मध्ये चिंचेवरच्या आणि १९५२ मध्ये पांगाऱ्यावरच्या. १९६५ मध्ये पटेल आणि आणखी दोघांनी आपट्यावरच्या जिवाणूचं वर्णन केलं. तोच आपटा, ज्याची पानं आपण दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो. १९६७ मध्ये मोनिझ आणि राज यांनी कडुनिंबावरचा जिवाणू नोंदवला. जगभरच्या यादीत आजही त्या जिवाणूंच्या नावापुढे ही आडनावं छापलेली असतात. आपल्या रस्त्याकडेची झाडं, आपल्याच माणसांनी तपासलेली. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. सर, तक्रार नाही, नुसतं सांगतेय.

आता ओळखायचं कसं? कारण निम्मी झाडं चुकीच्या निदानानेच जातात.

पानावर डाग दिसला की पान तोडून उजेडाकडे धरा. जिवाणूचा ताजा डाग तेलकट, पाणी मुरल्यासारखा दिसतो. उजेड त्यातून थोडा आरपार येतो. डाळिंबाच्या अशाच रोगाला शेतकऱ्यांनी ‘तेल्या’ हे नाव उगाच नाही दिलं. आंब्यासारख्या पानात हा डाग शिरांमध्ये अडकतो, म्हणून तो गोल नसून कोनाकोनाचा असतो, नंतर काळा पडतो आणि बोटाला उंच लागतो. आंब्याच्या फळावर चांदणीसारखी चीर पडते. लिंबावर खरबरीत खपली आणि पिवळी कडा असते, आणि पानाच्या दोन्ही बाजूंना ती हाताला लागते.

डागात एकात एक वर्तुळं दिसत असतील किंवा त्यावर काळे बारीक टाचणीच्या टोकासारखे ठिपके असतील, तर बहुधा बुरशी. पान चिकट, खाली मुंग्यांची रांग आणि फांदीवर कापसासारखं पांढरं काही असेल तर तो पिठ्या ढेकूण. मुंबईतली कितीतरी विलायती शिरिषाची मोठी झाडं गेल्या दहा-पंधरा वर्षांत याच किडीने खंगली. त्यांच्यावर जिवाणूचं औषध मारून काय होणार? आणि पानावर गाठी, फोड, पान वेडंवाकडं मुरडलेलं असेल तर बहुधा कीटक. पांगाऱ्यावर तसं दिसतं. गाठी करणारी एक इवलीशी गांधीलमाशी आहे. शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन २००४ मध्ये केलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच ती भारतात पोचल्याची नोंद झाली.

आता उपाय. वही काढा म्हणणार नाही, पण मोबाइल काढा, कारण तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे पाठवायचं आहे.

पहिलं, कात्री. एक झाड संपलं की पातं फडक्याने पुसा, मग सत्तर टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर लावा. करोनाच्या वेळच्या बाटल्या अजून घराघरात पडून आहेत, त्यांचं सोनं करा. आधी चिकट रस पुसायचा आणि मगच सॅनिटायझर, नाहीतर उपयोग नाही. आणि ते उडून पातं कोरडं झालं की मग पुढचं झाड.

दुसरं, वेळ. रोगट फांद्या काढायच्या त्या कोरड्या दिवसांत, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. डागाच्या खाली वीतभर निरोगी लाकूड घेऊन कापा. वादळात पडू नयेत म्हणून पावसाळ्याआधी फांद्या कमी करायच्याच असतील तर एप्रिलमध्ये करा, पहिला पाऊस येईपर्यंत जखम सुकायला वेळ द्या. कापलेलं पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात नको, आपले खड्डे तेवढे तापत नाहीत. जाळायचं तर अजिबात नाही.

तिसरं, मोरचूद आणि चुना. म्हणजे बोर्डो मिश्रण. याची गोष्ट मजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे. कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणजे चोरांच्या भीतीतून औषध निघालं. शाळेच्या चिंचेवर दगड मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक टक्का मिश्रण करायचं तर एका लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद अर्ध्या पाण्यात विरघळवा, चुना उरलेल्या पाण्यात विझवून थंड होऊ द्या, मग दोन्ही एकत्र करून गाळा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं किंवा पत्र्याचं नको. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा. सुरीवर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. मोठ्या कापलेल्या जागेवर हेच दहापट दाट करून लावायचं, म्हणजे बोर्डो पेस्ट.

पण नीट ऐका. हे औषध रोग बरा करत नाही. पानाच्या आत शिरलेल्या जिवाणूला ते पोचतच नाही. ते बाहेर पहारा देतं. म्हणून ते नवी पालवी फुटताना आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी मारायचं. ऐन फुलोऱ्यात नाही, वाऱ्यात नाही, माशांच्या टाकीजवळ नाही. तोंडाला फडकं, हातात मोजे. आणि दर आठवड्याला तर मुळीच नाही, कारण तांबं मातीत साठत जातं आणि मग तिथलं गांडूळही राहत नाही.

चौथं, पाणी आणि खत. पाइप वर धरून झाडाला अंघोळ घालू नका, पाणी बुंध्याशी द्या. युरियाची मूठ आवरा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी येते आणि जिवाणूला तीच आवडते.

पाचवं, रोप. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्यासाठी जरा सोलापूरला जाऊ.

डाळिंब आपल्या गच्चीवर शोभेचं झाड आहे, सांगोल्याला ते कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आहे. तेल्या भारतात पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ च्या सुमारास दिल्लीत. पण २००० नंतरच्या दशकात त्याने सोलापूर, नाशिक, सांगली, कर्नाटक असा पट्टाच धरला. बागाच्या बागा शेतकऱ्यांनी उपटून टाकल्या. २००५ मध्ये सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं. रोग एवढा लांब कसा गेला? वाऱ्या-पावसाने एका बागेतून शेजारच्या बागेत जातो हे खरं. पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तो गेला तो गुटी कलमांतून. रोगट झाडाची कलमं बांधली, टेंपोत भरली आणि विकली. मी रोपवाटिका तपासायचे तेव्हा अशी रोपं हातात घेतली आहेत. वरून हिरवीगार दिसतात, खालच्या एका पानावर तेवढा एक तेलकट ठिपका.

मग त्या शेतकऱ्यांनी काय केलं? रामबाण औषध त्यांनाही मिळालं नाही. पण पुष्कळांनी शिस्त बदलली. पावसाळ्यात येणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरला, म्हणजे फळं कोरड्या हवेत वाढतात. झाडाला तीन-चार महिने विश्रांती दिली. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करू लागले. खात्रीच्या रोपवाटिकेतूनच रोपं घेऊ लागले. ज्यांनी हे सातत्याने केलं त्यांच्या बागा पुष्कळ ठिकाणी टिकल्या.

आपण मात्र रविवारी गाडीतून येताना रस्त्याकडेची रोपं बघतो, ‘किती गोड आहे’ म्हणून डिकीत घालतो आणि घरी आल्याबरोबर जुन्या झाडाला खेटून ठेवतो. नवं रोप महिनाभर वेगळं ठेवा. पाहुण्याला एकदम देवघरात नेत नाही, तसं.

सहावं, अँटिबायोटिक. स्ट्रेप्टोमायसीनची पुडी दुकानात मिळायची, मीही एके काळी ती लिहून दिलीय. आता नको. ही माणसांची औषधं आहेत. झाडांवर भसाभस मारली की त्यांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात, आणि मग उद्या आपल्यालाच औषध लागू पडत नाही. केंद्र सरकारनेही शेतीतला हा वापर थांबवण्याची पावलं २०२१ मध्ये उचलली. लिंबाच्या चार कुरूप फळांसाठी आपल्या नातवंडांचं औषध खर्च करू नका.

आणि शेवटचं, कुऱ्हाड. तिच्याबद्दल फ्लोरिडाची एक गोष्ट सांगते आणि मग आपल्या शाळेच्या कुंपणाकडे येते.

खैऱ्या मूळचा आपल्या आशियाकडचा. लंडनमध्ये क्यू इथे वाळवलेल्या पानांचा मोठा संग्रह आहे. त्यात १८२७ ते १८३१ च्या दरम्यान भारतातून नेलेल्या महाळुंगाच्या पानांवरही खैऱ्याचे डाग सापडले. १९९५ मध्ये हा रोग मायामीत, विमानतळाजवळच्या वस्तीत, एका घराच्या अंगणात दिसला. सरकारने ठरवलं, समूळ नाश करायचा. पुढे नियम असा झाला की एक रोगट झाड सापडलं की त्याच्याभोवती १,९०० फुटांतलं लिंबूवर्गातलं प्रत्येक झाड तोडायचं, मग ते निरोगी का असेना. लोकांच्या परसात शिरून झाडं कापली. लोक कोर्टात गेले. बागा आणि अंगणं मिळून दीड कोटीहून जास्त झाडं गेली. मग २००४ आणि २००५ मध्ये चक्रीवादळं आली आणि वाऱ्या-पावसाने रोग सगळीकडे नेला. जानेवारी २००६ मध्ये ती मोहीम सोडून देण्यात आली.

त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांचा संत्र्यांचा केवढा तरी मोठा व्यवसाय पणाला लागला होता आणि रोग तिथे नवा होता. पण आपल्याकडे हा रोग दोनशे वर्षांहून जुना आहे. जिथे रोग मुरलेला आहे, तिथे एक झाड तोडून तो जात नाही. तिथे त्याच्याबरोबर नीट राहायला शिकावं लागतं.

आता कुंपण. आपण नववीत असताना वनमहोत्सवाच्या आठवड्यात मागच्या भिंतीशी झाडं लावली होती, आठवतंय? तेव्हा तिथे नुसता मुरूम होता. मधल्या सुट्टीनंतर वॉटरबॅगेत उरलेलं पाणी आपापल्या झाडाला घालायचं असा बाईंचा नियम होता, आणि शनिवारी पाणी घालायला कुणी यायचं यावरून भांडणं व्हायची. त्यातली सहा उरली आहेत. दोन पांगारे, दोन गुलमोहर, एक भेंडी, एक आंबा. गेल्या पावसाळ्यानंतर शाळेला कुणीतरी सल्ला दिला की सगळ्या रांगेला जिवाणूंचा संसर्ग झालाय, मुलांच्या सुरक्षेसाठी सगळी काढा. शाळेने लगेच तोडली नाहीत, मला फोन केला, याबद्दल मुख्याध्यापकांचे मनापासून आभार.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन सकाळी इथे घालवल्या. निदान सांगते. पांगाऱ्यांवर जिवाणू नाही, गाठी करणारी गांधीलमाशी आहे. गाठी आलेले कोवळे शेंडे काढायचे, बाकी झाड आपलं आपण सावरतंय. भेंडी ठणठणीत आहे, जुनी पानं पिवळी होऊन पडतात तेवढंच. म्हातारपणी आपलेही केस जातात. आंब्यावर मात्र जिवाणूजन्य डाग खरंच आहेत, खालच्या फांद्यांवर. ते या महिन्यात छाटता येईल. आणि दोन गुलमोहरांपैकी एकाच्या बुंध्यातून आंबूस वासाचं पाणी झिरपतं. तिथे लाकडाच्या आत जिवाणू राहतात, झिरपणारं पाणी ही त्यांचीच खूण. पूर्वी अशा बुंध्याला भोक पाडून नळी घालायचे. त्याने आतलं चांगलं लाकूडही नासतं हे कळल्यावर ते बंद झालं. त्याला काही करायचं नाही. पण जखम कुठली ते पाहा. आपल्या क्रीडामहोत्सवाचा फलक ज्या खिळ्याला टांगायचो, तोच खिळा अजून तिथे आहे. शिवाय बुंध्यापर्यंत काँक्रीट घातलंय. हे झाड आतून पोकळ झालंय का, फांद्या मुलांवर पडायचा धोका आहे का, हे मात्र महापालिकेच्या उद्यान विभागाकडून तपासून घ्यायलाच हवं. तो प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही.

म्हणजे सहा झाडांत पसरणारा जिवाणूजन्य रोग एकाच झाडाला, तोही न मारणारा. आणि तोडायचीच ठरवली असती तरी १९७५ च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागली असती. मोठ्या फांद्या छाटतानाही आधी विचारायचं असतं. आंब्याच्या छाटणीसाठी शाळेने अर्ज दिलाय.

तर माझी विनंती अशी. परवानगी आली की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता आपण इथे यायचं. शिडी, दोन सिकेटर, फडकी, सॅनिटायझर आणि बोर्डो पेस्टची एक बादली. कंत्राटदार नको. आंब्याच्या खालच्या फांद्या काढायच्या, जखमांना पेस्ट लावायची, गुलमोहराभोवतीचं काँक्रीट हातभर फोडून माती मोकळी करायची. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी चहा सांभाळायचा. आणि बाई, तुम्ही खुर्चीवर बसून लक्ष ठेवायचं, पूर्वीसारखं.

नंतर वर्षातून दोनदा आपल्यातल्या कुणीतरी येऊन बघायचं, जूनच्या आधी आणि दिवाळीनंतर. एवढंच. या रोगांना एवढीच गोष्ट लागते. कुणीतरी येऊन बघणारं हवं, आणि बघितलेलं खरं सांगणारं हवं. मी त्या दुसऱ्या गोष्टीत एकदा नापास झालेय, म्हणून हा धडा मला पाठ आहे.

शिडी धरायला तिसऱ्या रांगेतला मित्र तयार आहे. फोन ठेवताना त्याने मला एवढंच विचारलं, ‘या वेळी कात्री पुसशील ना?’

पुसेन.